कानोसा आणि दोन थंड्या

गिरणापुरात थंडीची सुट्टी कोण देतं, असं एखाद्या पोराला विचारलं तर ते हेडसरांचं नाव घेत नसे, कलेक्टरचं तर नाहीच नाही. ते सांगे, "कानोसा देतो." रोज दिवेलागणीला घराघरातले फोन बोलायला लागत, 'तुमच्या गल्लीत उद्या सकाळी धोक्याचा गारठा आहे, शाळा बंद राहील,' आणि गल्लीत जल्लोष होई. पलीकडच्या गल्लीतली शाळा चालू असली की तिथली पोरं तोंड पाडून दप्तर भरायला बसत. एका चिमुरडीनं तर गणिताच्या चाचणीच्या आदल्या दिवशी आईच्या फोनला उदबत्ती ओवाळली होती म्हणे.

खानदेश म्हणजे उन्हाळा, हे आपण भूगोलात शिकलो. पण भूगोलही म्हातारा होतो आणि त्याच्या सवयी बदलतात. उत्तर ध्रुवाभोवती बर्फगार हवा फिरत असते आणि वेगवान वाऱ्यांचा एक उंच पट्टा तिला जागच्या जागी धरून ठेवतो. ध्रुवावरचं बर्फ वितळत गेलं, तिकडच्या आणि इकडच्या हवेतला फरक कमी झाला, तसा हा पट्टा सैल नाडीच्या पायजम्यासारखा खाली घसरायला लागला. तो घसरला की गार हवेचा लोंढा पंजाब, राजस्थान ओलांडून थेट गिरणेच्या खोऱ्यात उतरे. गार हवा जड असते, पाण्यासारखी सखल भागाकडे वाहते आणि तिथे साचून राहते. त्यामुळे एकाच शहरात टेकडीवरच्या बंगल्यात आठ अंश असताना नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत दोन अंश असायचे. चार वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे नदीकाठच्या शाळेत प्रार्थनेला उभी असलेली मुलं एकामागून एक कोसळली आणि त्यातली दोन पुन्हा उठली नाहीत. सगळं शहर तेव्हा हादरलं होतं.

कानोसा त्यातून जन्माला आला, आणि त्याची आई होती शर्वरी खैरनार. महानगरपालिकेच्या शीतलहर कक्षात ती हवामानतज्ज्ञ होती. गल्लीगल्लीत तापमापक बसवायला पैसा नव्हता, आणि बसवले तरी पोरं दगड मारून फोडत. शर्वरीच्या डोक्यात आलं की गल्लीत तापमापक नसेल, पण माणसं तर आहेत, आणि ती दिवसभर बोलतात. मूल शाळेत येणार नसलं की आया सकाळी वर्गशिक्षकांना आवाजात निरोप पाठवत: 'पहाटे नळाला पाणी नाही, गोठलंय', 'पोरगं काकडलंय', 'आज हुडहुडी भरलीय नुसती'. हे निरोप यंत्रानं ऐकायचे, कुठल्या शब्दामागे किती अंश असतात ते मोजक्या तापमापकांशी ताडून शिकायचं, आणि मग प्रत्येक गल्लीचा गारठा सांगायचा. बोलणाऱ्याचं नाव पुसून, फक्त फोनची खूण आणि ठिकाण ठेवून निरोप यंत्रात जात. शिकलेलं यंत्र अर्ध्या अंशानंही चुकत नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात एकही मूल दगावलं नाही, आणि पालिकेनं नियमच केला: कानोसा बंद म्हणाला की शाळा बंद, त्याच्यापुढे कुणाचं चालणार नाही.

शर्वरीला याचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. तिचा थोरला भाऊ भूषण मात्र तिला यावरून सतत चिडवायचा. तो नदीपलीकडच्या रंगारपुऱ्यातल्या शाळेचा हेडमास्तर. भाऊबीजेला तिनं ओवाळल्यावर त्यानं ताटात साडी नाही, पाकीट नाही, चक्क एक तापमापक टाकला आणि म्हणाला, तुझ्या लाडक्याला दाखव, त्यालाही कळू दे थंडी काय असते ते. सगळे हसले. तीही हसली, पण दुसऱ्या दिवशी तिनं त्याला फोनवर अर्धा तास सुनावलं.

त्या जानेवारीत चेष्टा ओसरली. शेजारच्या वस्त्यांतल्या शाळा मधूनमधून उघडत होत्या, पण रंगारपुऱ्यातली शाळा दोन आठवडे झाले तरी बंदच होती. कानोसा रोज संध्याकाळी सांगे की तिथला गारठा वाढतोय. मुलं घरी बसून फोनवर अभ्यास करत, आणि तेही जमलं नाही तर आया निरोप पाठवत. भूषणनं शेवटी कक्षात फोन केला. ऊन स्वच्छ पडलंय, व्हरांड्यात पोरं असती तर स्वेटर काढून खेळली असती, उघडू दे मला शाळा, असं त्याचं म्हणणं. शर्वरीनं त्याला समजावलं की तुझा व्हरांडा उंचावर आहे, गार हवा खाली नदीकडच्या घरांत साचते, तुला तिथून ती कळणार नाही. यातला शब्द न् शब्द शास्त्राला धरून होता.

"शरू," तो म्हणाला, "पोरं शाळेत असली की मला दिसतात. घरी बसली की नुसती ऐकू येतात."

"ऐकायलाच तर यंत्र केलंय, दादा."

त्यानं फोन ठेवून दिला. शर्वरीला वाईट वाटलं, पण आपलं चुकलं असं काही तिला वाटलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी वहिनीचा, योगिताचा, फोन आला. भूषण जिल्ह्याच्या बैठकीला गेला होता आणि संध्याकाळशिवाय येणार नव्हता. कस्तुरीला थंडी वाजतेय, वहिनी सांगत होती, गोधडीवर गोधडी घातली तरी थांबत नाही. कस्तुरी म्हणजे त्यांची आठ वर्षांची लेक, आत्याची फार लाडकी. शर्वरीनं एका हातानं समोरचा नकाशा सरकवत सवयीनं सांगितलं की तुमच्याकडे गारठा आहेच, वहिनी, खिडक्या लावून घ्या, पायात मोजे घाला तिच्या, आणि शेगडी मात्र बंद खोलीत पेटवू नका.



"ताई, तशी थंडी नव्हे," वहिनी म्हणाली. "अंग भाजतंय तिचं. ताप चढताना वाजते ना, ती थंडी."

शर्वरीचा हात नकाशावर तसाच राहिला. मराठी तिची मायबोली. लहानपणी तीसुद्धा कितीदा 'आई, थंडी वाजतेय' म्हणत कुशीत शिरली होती, आणि आईनं आधी तिच्या कपाळाला हात लावून बघितला होता. भर उन्हाळ्यात कुणी थंडी वाजतेय म्हटलं असतं तर तीही ताडकन उठली असती. जानेवारीत कोण कपाळाला हात लावतो? तिनं लावला नव्हता, मग तिच्या यंत्रानं कुठून लावावा? आपल्याकडे ध चा मा करायला कपट लागत नाही, नुसता हिवाळा पुरतो.

ती स्कूटर काढून रंगारपुऱ्यात पोचली तेव्हा ऊन चांगलं तापलेलं होतं. अंगातला कोट तिला गल्लीच्या तोंडाशीच काढावा लागला, आणि काढताना भावाची आठवण होऊन तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत कस्तुरी चार गोधड्यांखाली थडथडत होती. दात वाजत होते, ओठ सुकले होते, आणि हात मात्र तव्यासारखा तापलेला. काल ती बरी होती, परवा हे घरी नसताना अशीच पडली होती, पोटात अन्नाचा कण नाही, वहिनी एकेक सांगत होती. शर्वरीनं विचारलं, शाळेला निरोप काय पाठवलात?

"थंडी वाजतेय, आज अभ्यास करणार नाही, एवढंच."

"तापाचं का नाही सांगितलं?"

वहिनी खाली बघायला लागली. मग म्हणाली, "ताप म्हटलं की डॉक्टरचा दाखला मागतात, आणि शाळा उघडली तरी आठ दिवस वर्गात घेत नाहीत. सगळ्याच आया थंडी म्हणतात, ताई. ह्यांच्याच शाळेचा नियम, मग मी कुठल्या तोंडानं ताप सांगू?"

डॉक्टर तडवींचा दवाखाना पुलाच्या अलीकडेच होता. बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. बोटातला रक्ताचा थेंब त्यांनी पट्टीवर टाकला, रेघ उमटलेली बघितली, आणि खात्री पटावी म्हणून दुसरी पट्टी काढली. मलेरिया होता, आणि तोही मेंदूवर जाऊ शकणारा. ऐन गारठ्यात मलेरिया शोधायचं कुणाच्या मनातच येत नाही, त्या म्हणाल्या, आजपासून सलाईनमधून औषध देते, पण पुढचे दोन दिवस मी कुठलाच शब्द देणार नाही. वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. शर्वरीनं तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं आणि भूषणला फोन लावला.

भूषण धावत आला तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर मांडीवर संगणक घेऊन बसली होती. तिनं रंगारपुऱ्यातले दोन आठवड्यांचे सगळे निरोप काढले आणि वेगळे करायला घेतले. गारठा, काकडणं, हुडहुडी, गोठलेला नळ असे बाहेरच्या थंडीचे निरोप अगदी थोडे निघाले. बाकीच्यांत फक्त एकच वाक्य होतं. कुणाचं शहरी मराठीत, कुणा आजीचं अहिराणीत, 'पोरले थंडी वाजी राहिनी.' नाव पुसलेलं असलं तरी एकाच फोनचे निरोप एकाखाली एक लावता येत होते. ते तसे लावल्यावर त्यांत एक क्रम दिसला. थंडी एका घरात सोमवारी वाजत होती, मंगळवारी गायब होती, बुधवारी पुन्हा वाजत होती. शेजारच्या घरात मंगळवार आणि गुरुवार. हवेची थंडी अशी दिवसाआड, घरं वाटून घेऊन येत नाही. दिवसाआड येतो तो हिवताप. त्याचे जंतू रक्तातल्या पेशींमध्ये वाढतात, साधारण दोन दिवसांनी सगळे एकदम पेशी फोडून बाहेर पडतात, आणि त्या घटकेला माणसाला थंडी भरते. आपल्या आज्यांनी त्याला हिवताप म्हटलं ते काही उगाच नाही.

मग तिनं ही घरं नकाशावर टाकली. ती सगळी गरम पाण्याच्या टाक्यांभोवती निघाली. गारठ्यात लोकांना आधार म्हणून पालिकेनं कोपऱ्याकोपऱ्यावर उन्हानं तापणाऱ्या टाक्या बसवल्या होत्या, आणि ती कल्पनाही शीतलहर कक्षाचीच. टाकीतून सांडलेलं कोमट पाणी खालच्या उघड्या हौदात साठे. बाहेर थंडीनं डास मरत असताना या हौदांत मात्र त्यांचा पाळणा हलत होता. लोक उबेसाठी दारंखिडक्या लावून बसत आणि डासही त्यांच्यासोबत आतच. त्यात शाळा बंद. वर्गात मुलं मान टाकायला लागली असती तर भूषणला पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं. इतके दिवस आग सोमेश्वरी होती आणि शर्वरीचा बंब रामेश्वरी पाणी ओतत होता.

तिनं भावाला सगळं सांगितलं. तो रागावेल अशी तिची अपेक्षा होती, आणि तो रागावलाही. मग म्हणाला, "दाखल्याचा नियम माझा आहे."

दोघं एकाच बाकावर बसले. काचेपलीकडे कस्तुरीच्या हाताला नळी लावलेली दिसत होती.

खरी अडचण पुढेच होती. उत्तरेकडून या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा लोंढा निघाला होता. उपग्रह, फुगे, तापमापक, सगळ्यांचं त्यावर एकमत होतं. उद्या पहाटे नदीकाठी पारा शून्याला टेकणार होता. ही थंडी खरीखुरी, जीव घेणारी. म्हणजे नेमक्या आजच्या संध्याकाळी सगळ्या शहरानं कानोशावर डोळे मिटून विश्वास ठेवायला हवा होता, आणि नेमक्या आजच त्याच्या आईनं त्याची चूक पदरात घ्यायची होती. आयुक्त गांगुर्डे मॅडमनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं आणि रीतसर सल्ला दिला. आज शाळा बंदचा निरोप जाऊ दे, रंगारपुऱ्यात गुपचूप आरोग्य पथक पाठवू, यंत्रातली दुरुस्ती लाट ओसरल्यावर करू. चुकलो म्हणून सांगितलं आणि लोकांनी उद्या पोरं बाहेर काढली तर त्याला जबाबदार कोण?

सल्ला वाईट नव्हता. शर्वरीनं तो मनात दोनदा फिरवून बघितला. पण गुपचूप गेलेल्या पथकाला दार उघडून, माझ्या पोराला ताप आहे, असं कोण सांगणार होतं? जी गोष्ट घरच्या वहिनीनंही शाळेपासून लपवली, ती अनोळखी बाई सरकारी माणसाला कशाला सांगेल? शिवाय या मुलांना शून्य अंशात पत्र्याखाली ठेवून चालणार नव्हतं. रंगारपुऱ्यात जाड भिंतींची, उबदार, रात्रंदिवस वीज असलेली इमारत एकच होती, आणि नियमानं तिला उद्या कुलूप लागणार होतं.

"मॅडम, नियम वर्ग भरवू नका म्हणतो," शर्वरी म्हणाली. "इमारतीला कुलूप लावा असं त्यात कुठे आहे?"

फोनमधून पान उलटल्याचा आवाज आला. नियमाचा कागद बहुधा त्यांच्या समोरच असावा. मग त्यांनी विचारलं की निरोप तुमच्या आवाजात, तुमच्या नावानं देणार का. शर्वरी हो म्हणाली. मग द्या, त्या म्हणाल्या, पथक मी शाळेतच पाठवते.

त्या संध्याकाळी गिरणापुरातले फोन बोलले तेव्हा नेहमीचा गोड यांत्रिक आवाज आला नाही. एका बाईचा, किंचित घसा बसलेला आवाज आला.

"मी शर्वरी खैरनार, कानोसा मी बनवला. उद्याची थंडी खरी आहे. उपग्रहानं आणि तापमापकांनी ती मोजली आहे. मुलांना घराबाहेर काढू नका. पण रंगारपुऱ्यात आमची चूक झाली. तुम्ही थंडी वाजतेय म्हणालात, ती अंगातली थंडी होती आणि आम्ही ती हवेतली समजलो. यंत्राला फरक कळला नाही, कारण मी तो शिकवला नाही. रंगारपुऱ्यातली शाळा उद्या उघडी आहे. वर्ग भरणार नाहीत, शाळा उघडी राहील. ज्या मुलाला थंडी वाजते आणि अंग तापतं, त्याला न्यायला गाडी दारापर्यंत येईल. दाखला कुणीही मागणार नाही. माझी भाची याच तापानं दवाखान्यात आहे."

शेवटचं वाक्य तिनं लिहून आणलं नव्हतं, ते आपसूक आलं.

पहाटे नदीवर धुकं इतकं दाट होतं की शाळेच्या फाटकातून समोरची पानटपरी दिसत नव्हती. भूषणनं वर्गातले बाक भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या होत्या, पथकाच्या परिचारिका पट्ट्या मांडून बसल्या होत्या, आणि गाड्या दोनदा रिकाम्याच फिरून आल्या. शर्वरी रात्रभर दवाखान्यात बसून तशीच इकडे आली होती. कस्तुरीचा ताप उतरला नव्हता. शर्वरीला वाटायला लागलं की झालं, लोकांचा विश्वास उडाला, आता कुणी आपलं ऐकणार नाही. तेवढ्यात तिसऱ्या गाडीतून एक म्हातारी उतरली. कडेवर नात, नातीभोवती सोलापुरी चादर. तिनं इकडे तिकडे बघत विचारलं की काल फोनवर बोलली ती बाई कोण.

शर्वरी पुढे झाली.

"मी तीनदा सांगितलं होतं पोरीला थंडी वाजते म्हणून," म्हातारी म्हणाली. "तू चौथ्यांदा ऐकलंस. चल, कुठे सुई टोचायची ते दाखव."

मग गाड्यांना उसंत मिळाली नाही. दुपारपर्यंत वर्ग भरले, म्हणजे शिकण्यासाठी नव्हे, पण भरले. पट्ट्यांवर रेघा उमटत होत्या, औषधं सुरू होत होती, हौदांत तेल टाकायला माणसं गेली होती. शहरातल्या बाकीच्या शाळांत त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. चूक कबूल केलेल्या यंत्राचं लोकांनी कधी नव्हे इतकं ऐकलं होतं. शर्वरीला याचं नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं रडूही आलं.

शास्त्राचा एक धडाही तिला त्या गर्दीत मिळाला. कानोसा हवामानात चुकला होता, पण मलेरियाची चाहूल त्यालाच शहरातल्या सगळ्या दवाखान्यांच्या आधी लागली होती. फक्त आपण काय ऐकतोय हे त्याला कळत नव्हतं. तिथेच एका बाकावर बसून तिनं त्याला दोन थंड्या शिकवायला सुरुवात केली. शंका आली की आता तो शाळा बंद करणार नव्हता, उलट फोन करून विचारणार होता: थंडी आतली की बाहेरची? ही विभागणी मुळात भूषणची. सतरंजीवरच्या पोरांची हजेरी घेताना तो प्रत्येकाला तेच विचारत होता. पोरांना त्यात खेळ सापडला. कुणी 'आतली' ओरडे, कुणी 'बाहेरची', आणि एका बहाद्दरानं 'मधली' असंही उत्तर दिलं.

लाट पाच दिवस टिकली. रंगारपुऱ्यातली पोरं शाळेतच जेवली, शाळेतच झोपली आणि एकेक करून बरी होत गेली. पहिले दोन दिवस सरल्यावर डॉक्टर तडवींनी कस्तुरीबद्दल शब्द दिला. पाचव्या दिवशी दुपारी, नळी काढलेली कस्तुरी आईच्या खांद्यावर मान टाकून शाळेत आली. रंग अजून उतरलेला होता, डोळे खोल गेले होते. ती कुणाशी बोलत नव्हती. वहिनीनं हळू आवाजात सांगितलं की अजून दोन घोट पेजेपलीकडे काही जात नाही, बळंबळं भरवलं तर ओकून टाकते.

भूषण तिच्यासमोर उकिडवा बसला. पण त्याला लेकीला काही विचारवेना. तेव्हा शर्वरीनंच तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"कस्तुरी, थंडी वाजते का गं? आतली की बाहेरची?"

कस्तुरीनं थोडा विचार केला. व्हरांड्याच्या टोकाला मोठ्या पातेल्यातून वाफ येत होती, तिकडे तिनं मान वळवली.

"कुठलीच नाही, आत्या," ती म्हणाली. "त्या पातेल्यात शेवभाजी आहे का? मला भूक लागलीय."